भुताचा घसारा

भूत घरी करावं की विकत आणावं, हा प्रश्न आपल्याकडे सहसा पडत नाही. आपल्याकडे ते पिंपळावर फुकट मिळतं. अमेरिकेत मात्र ३१ ऑक्टोबरला, हॅलोवीनच्या दिवशी, ते दारात टांगावं लागतं. तिथल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेनं २०२३ साली अंदाज बांधला, की लोक या सणावर १२.२ अब्ज डॉलर उडवतील, त्यांतले ३.९ अब्ज नुसत्या सजावटीवर! २०२० साली 'होम डेपो'नं १२ फुटी सांगाडा विकायला काढला, किंमत २९९ डॉलर. बँकेत हाडांची काडं करूनही आम्हां कारकुनांना कुणी इतका भाव दिलेला नाही.

न्यू जर्सीत राहणारी माझी धाकटी बहीण मात्र आमच्याच घरातली. मी गेलो तेव्हा तिनं भुतं घरीच करायला घेतली होती. दुधाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या कॅनवर काळे डोळे नि वासलेलं तोंड काढलं, आत दिवाळीची दिव्यांची माळ सोडली, की झालं मुंडकं. अंड्यांच्या पुठ्ठ्याचे तीन-तीन खळगे कापून काळे रंगवले, की वटवाघूळ. बाटलीवर फुगा बसवायचा, त्यावर खळीत बुडवलेलं मलमलीचं फडकं पसरायचं. वाळलं, की फुगा फोडून बाटली काढून घ्यायची. भूत आपलं उभं! आत काहीही नसताना इतकं ताठ उभं राहणारे मी आजवर फक्त साहेब पाहिले होते.

एवढ्यात पांढरं कापड संपलं. भाचीनं कपाटातून एक धोतर काढलं.

"मामा, हे चालेल?"

ते आमच्या वडिलांचं होतं. ते गेल्यावर बहिणीनं आठवण म्हणून नेलेलं. ती म्हणाली, "दादा, तूच सांग."

आता तुम्हीच सांगा, गेलेल्या माणसाच्या धोतराचं भूत करावं का?

कॉमर्सला आम्हांला घसारा शिकवला. वस्तूची किंमत दरसाल घटते आणि शेवटी ती भंगारात जाते. वडिलांच्या हिशेबात वस्तूला निवृत्तीच नव्हती, नुसती बदली होती. धोतर विरलं की पंचा, पंचा विरला की कंदिलाची काच पुसायचं फडकं, आणि अखेर पोतेरं. त्या यादीत भुताचा हुद्दा नव्हता, इतकंच.

बरं, हा सणही मूळचा परका वाटावा असा नाही. उन्हाळा सरून थंडी लागताना गेलेली माणसं घरी येतात, ही जुनी केल्टिक समजूत. आयर्लंडात लोक सलगम कोरून आत दिवा ठेवायचे. तेच लोक अमेरिकेत गेले, तर तिथे भोपळा मोठा नि कोरायला सोपा! म्हणजे हाताशी असेल त्यावर भागवणं हीच मुळी इथली परंपरा. आपण पितृपक्षात कावळ्याला पान वाढतो, ते दिवा लावतात. येणारा पाहुणा एकाच गावचा. त्याला आपलं धोतर दारात दिसलं, तर घर चटकन सापडेल, नाही का?

आणि डांबराच्या गोळ्या घालून कपाटात कोंडून ठेवणं, हे तरी जपणं कसलं? चिक्कू माणूस वस्तू वापरत नाही. काटकसरी माणूस तिला मरू देत नाही. वडील दुसऱ्या जातीतले.

"चालेल," मी म्हणालो, "पण कात्री लावायची नाही."

भाचीनं काळ्या कागदाचे डोळे टाचणीनं लावले. रात्री गल्लीतली पोरं चॉकलेटं मागायला आली. १२ फुटी सांगाडे बघून बघून ती निर्ढावलेली. धोतराकडे बोट दाखवून एकानं विचारलं, "हे कोण?"

भाची म्हणाली, "माझे आजोबा."

पोरगं दचकून दोन पावलं मागे सरलं. मग चॉकलेट घेऊन त्यानं धोतराला अदबीनं 'थँक्यू' म्हटलं. वडील असते, तर त्यांनी त्याला एकच चॉकलेट दिलं असतं, पण वर नावगाव विचारलं असतं.