गंज आणि रंग

“ठेवावयाची कीं विकावयाची?” असा साधा प्रश्न एका कारागिरानें आम्हांस विचारला, आणि त्याचें उत्तर देतांना आमचा पाय कसा घसरला, ती हकीकत वाचकांस सांगावी असें मनांत आहे. आमची मोटार कांहीं वर्षें कोंकणांत समुद्रकांठीं होती. तिच्या दाराखालच्या पट्टीवर रंगास दोनचार फुगवटे आलेले दिसले, म्हणून आम्हीं ती पत्र्याचें काम करणाऱ्याकडे नेली. त्यानें एका फुगवट्यावर पेचकस टेंकला, तों तो सरळ आंत गेला! मग त्यानें वरील प्रश्न केला. ठेवावयाची असेल, तर कुजका पत्रा कापून नवा जोडावा लागेल. विकावयाची असेल, तर पुट्टी भरून वर रंग मारला कीं झालें. या दुसऱ्या कामास खर्च फार थोडा. आम्ही “विकावयाची” असें सांगून घरीं आलों. परंतु त्या रात्रीं मनास स्वस्थता वाटेना.

प्रथम गंज म्हणजे काय तें पाहूं. लोखंड खाणींत बहुधा प्राणवायूशीं संयोग पावलेल्या स्थितींतच सांपडतें. भट्टींत घालून तें वेगळें करावें लागतें. हवा आणि पाणी मिळतांच तें पुनः त्या संयोगाकडे वळतें, आणि खाऱ्या दमट हवेंत ही क्रिया फारच त्वरेनें चालते. ॲल्युमिनियमवरहि असा थर चढतो, पण तो घट्ट बसून आंतील धातूचें रक्षण करतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो व मूळ धातूपेक्षां अधिक जागा व्यापतो. म्हणून तो फुगतो, रंगास उचलतो, आणि खालचा धातु हवापाण्यास उघडा पाडतो. मोटारींत त्याचा आरंभ पुष्कळदां आंतूनच होतो. दाराच्या तळाशीं पाणी निथळण्यासाठीं छिद्रें असतात. तीं चिखलानें बुजलीं कीं पाणी आंत तुंबतें. बाहेर फुगवटा दिसेपर्यंत आंतला पत्रा निकामी झालेला असतो.

यावरील उपाय कठीण नाहींत, कंटाळवाणे मात्र आहेत. छिद्रें मोकळीं ठेवावीं; तळास चिकटलेला चिखल व मिठाचा अंश गोड्या पाण्यानें धुवून काढावा; पोकळ भागांत मेणचट तेल फवारावें. वरवरचा गंज तारेच्या ब्रशानें व काचकागदानें स्वच्छ धातु लागेपर्यंत खरवडावा, लागलीच अस्तराचा रंग द्यावा, आणि मग वरचा. पत्र्यास जस्ताचा मुलामा असेल, तर ओरखडा उमटला तरी जस्त आधीं स्वतः झिजून लोखंडास वांचवितें. परंतु गंजावरच रंग चढविला, तर त्याचें काम खालीं चालूच राहतें. रंग तोच आणि कुंचलाहि तोच. पण खालीं धातु स्वच्छ असेल तर तें रक्षण, नसेल तर तें केवळ झांकण.

विकणारानें दोष सांगावा कीं नाहीं, हा वाद फार जुना आहे. इ. स. पूर्व ४४ मध्यें सिसेरोनें आपल्या पुत्रासाठीं कर्तव्यविषयक ग्रंथ लिहिला, त्यांत सदोष घर विकणाऱ्याचें उदाहरण घेऊन त्यानें दोन तत्त्वज्ञांचीं मतें मांडलीं आहेत. डायोजिनीसच्या मतें न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो कीं, विकणारानें सर्व सांगितलेंच पाहिजे. सिसेरोचा कौल सांगण्याकडे आहे. डायोजिनीसच्या पक्षांत अगदींच तथ्य नाहीं असें नाहीं. विकणारानें आपल्याच मालाची निंदा करीत बसावें, अशी अपेक्षा बाजारांत कोणी करीत नाहीं. परंतु हा बचाव आमच्या कामीं येण्यासारखा नव्हता. आम्ही नुसते गप्प बसणार नव्हतों. घेणाराचे डोळे जेथें पोंचले असते, तीच जागा आम्ही बुजविणार होतों. शिवाय ती पट्टी शोभेची नव्हे. आजच्या बहुतेक मोटारींस निराळा सांगाडा नसतो. भार पेलणें व अपघातांत आघात सोसणें हें काम अशा भागांवरच असतें. पुट्टीस तें बळ कोठून येणार?

दुसऱ्या दिवशीं जाऊन आम्हीं पत्रा कापावयास सांगितला. पुढें गिऱ्हाईक आलें, त्यास कोठें व काय दुरुस्ती केली तें दाखविलें. त्यानें तें ऐकून घेतलें आणि किंमत उतरविली! प्रामाणिकपणा अखेर लाभदायकच ठरतो असें म्हणतात; आमच्या बाबतींत तो तसा ठरला नाहीं, हेंहि येथें नमूद करणें प्राप्त आहे. कारागिरास आम्ही दोष देत नाहीं. गिऱ्हाइकांचा नेहमींचा अनुभव ध्यानीं घेऊनच त्यानें विचारलें असेल. मात्र त्या प्रश्नांत मुळांत दोन पर्यायच नव्हते, असें आतां आम्हांस वाटतें. आम्ही जी विकावयाची म्हणतों, ती दुसऱ्या कोणास तरी ठेवावयाचीच असते.