फुईला कोण बघतंय

आमच्या खानदेशात आत्याला फुई म्हणतात. माझ्या वडिलांच्या आत्याला घरात आणि गल्लीत सगळेच फुई म्हणतात, मीही. पारोळ्याच्या जुन्या गावात, आमच्या धाब्याच्या घराच्या मागच्या खोलीत ती राहते. एका आखाजीला माहेरी आली, ती परत सासरी गेलीच नाही. का गेली नाही, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. कित्येक वर्षांत तिने ओट्याखाली पाय ठेवलेला नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन, चौकोनी घड्या घालून जपून ठेवते. गोधडीसाठी चिंध्या निवडते, पण गोधडी शिवत नाही. रेडिओवर आकाशवाणी जळगाव लागलं की निवेदकाला उलट उत्तरं देते, तीही अहिराणीत.

लहानपणी मित्र घरी आले की मी तिच्या खोलीचं दार ओढून घ्यायचो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जरा शहाण्यासारखं बोलणार आहे.

दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या फ्लॅटवर, रात्री एक वाजता, मी 'ग्रे गार्डन्स' पाहिली. १९७५ सालची अमेरिकन डॉक्युमेंटरी. लाँग आयलंडवर ईस्ट हॅम्प्टनला एक मोडकळीला आलेलं घर, त्यात मायलेकी. आई ऐंशीकडे झुकलेली, मुलगी पन्नाशी ओलांडलेली, दोघींचं नाव एडिथ. या जॅकलीन केनेडीच्या सख्ख्या आत्या आणि आतेबहीण. फुई म्हणजे थेट राष्ट्राध्यक्षाच्या बायकोचीसुद्धा असू शकते! मुलगी, धाकटी एडी, स्वेटर डोक्याला गुंडाळून वर ब्रोच लावते, माळ्यावरच्या रकूनांना पाव घालते, कॅमेऱ्यापुढे नाचते. आई पलंगावरून गाणी म्हणते आणि मुलीला टोमणे मारते. बाकी काही घडत नाही. मी दीड तास हललो नाही. मग पुन्हा पहिल्यापासून लावली.

मी काही एकटा नव्हे. या दोघींवर २००६ साली ब्रॉडवेवर संगीतिका आली, २००९ साली सिनेमा आला, एडीच्या डोक्याला गुंडाळायच्या पद्धतीची फॅशनवाल्यांनी नक्कल केली. पन्नास वर्षं लोक या घरात डोकावताहेत. का?

माझा अंदाज असा. आपण सगळे सतत कुणाच्या तरी पसंतीवर जगतो. ऑफिसात अप्रेझल असतं, लग्नाच्या बायोडेटात पॅकेज लिहावं लागतं. अशात एखादं माणूस ती परीक्षाच सोडून उठून गेलेलं दिसलं की आपण खिळतो. आणि ज्याने निकालाची वाट बघणं सोडलंय, त्याचाच निकाल आपल्याला घाईघाईने लावायचा असतो. वेडी आहे, नाहीतर मग संत आहे. तिसरा रकाना आपल्याकडे नसतोच.

पुण्यात डॉ. हेमा साने यांचं हेच झालं. बुधवार पेठेतल्या जुन्या वाड्यात त्यांनी आयुष्यभर वीज घेतली नाही. २०१९ साली त्यांची बातमी देशभर पसरली आणि फोनवर फोन व्हिडिओ फिरले. एकीकडे कौतुक, दुसरीकडे 'विक्षिप्त बाई'. लोक आपल्याला वेडी म्हणतात, हे त्या स्वतःच सांगत. पण गरवारे महाविद्यालयात वर्षानुवर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेली, निवृत्तीनंतरही लिहीत राहिलेली ही बाई होती. २०२५ साली त्या गेल्या तेव्हा पुन्हा तेच व्हिडिओ माझ्याकडे आले. मीही पुढे पाठवले. त्यांचं एकही पुस्तक मी तोवर उघडलेलं नव्हतं. विजेचं बटण नसलेली भिंत मात्र मला पाठ होती.

आता माझं स्वतःचं. 'ग्रे गार्डन्स' पाहिल्यानंतरच्या दिवाळीत मी पारोळ्याला गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा फुईच्या खोलीत तासभर बसलो. वीस वर्षं जिच्या दारावरून मी नुसता गेलो होतो, ती मला अचानक 'इंटरेस्टिंग' वाटायला लागली होती. ती रेडिओशी भांडत असताना मी चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला आणि त्याचं रील टाकलं. तिला विचारलं नाही. चाळीस हजार लोकांनी पाहिलं. 'किती गोड आजी', 'हिला एकटं का ठेवलंय', 'मला म्हातारपणी असंच व्हायचंय'. ती सासरी का गेली नाही याच्या तीन वेगवेगळ्या कथाही लोकांनी रचल्या. एक मला पटलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी लाज वाटून मी फोन तिच्यापुढे धरला. तिने चष्मा शोधला. "हाई मी शे का?" मग शेवटपर्यंत पाहिलं, रेडिओवाल्याला दिलेल्या उत्तरावर स्वतःच हसली. "कितला लोकस्नी दखं?" मी आकडा सांगितला. ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग अगदी मनापासून, काळजीने विचारलं, "त्यासना घर कोनी नही का?"

मी रील काढून टाकलं. पण काढणं हेच बरोबर होतं, याची मला आजही खात्री नाही.

कारण 'ग्रे गार्डन्स'मध्ये नातेवाईक काय करतात ते बघा. १९७१ मध्ये आरोग्य खात्याने घाणीवरून घर खाली करायची धमकी दिली, पेपरात बोभाटा झाला, तेव्हा जॅकलीन आणि तिच्या बहिणीने पैसे देऊन १९७२ मध्ये घर साफ करून घेतलं. कर्तव्य झालं. नंतर त्या घरात जाऊन कित्येक आठवडे बसले ते आल्बर्ट आणि डेव्हिड मेझल्स, म्हणजे परके. पिसवा इतक्या की घोट्याला पिसवा मारायचे पट्टे बांधून शूटिंग केलं म्हणे. त्यांनी या बायकांच्या एकटेपणाचा बाजार मांडला, असा आरोप तेव्हाही झाला, अजूनही होतो. तो मला सरसकट खोटा वाटत नाही. पण एडीला तो सिनेमा आवडला होता, आणि आई गेल्यावर साठीतली ही बाई न्यूयॉर्कच्या एका क्लबात गायला उभी राहिली. आयुष्यभर तिला कुणीतरी बघायला हवं होतं. कुटुंबाने घर साफ करून दिलं, बघितलं मात्र नाही.

म्हणजे परक्याचं बघणं वाईट आणि घरच्याचं चांगलं, असा सोपा हिशेब इथे लागत नाही. अर्चना फडके यांनी २०१९ च्या 'अबाउट लव्ह'मध्ये मुंबईतल्या आपल्याच घरातल्या तीन पिढ्या चित्रित केल्या. तिथे कॅमेरा बंद झाल्यावर तो धरणारी त्याच माणसांबरोबर जेवायला बसते, त्यांची बोलणी खाते. मेझल्स बंधूंनी निदान पिसवांचे चावे तरी सोसले. मी चाळीस सेकंदांचं काय मोजलं? अंगठ्याने खाली सरकवणाऱ्यांनी काय मोजलं? आणि मला सगळ्यात टोचतं ते वेगळंच. माझी फुई मला दिसायला एक अमेरिकन सिनेमा लागला.

आता आखाजी-दिवाळीला मी तिच्याकडे बसतो, फोन खिशात ठेवून. अधूनमधून पुण्याहून व्हिडिओ कॉल करतो, बाबा तिच्यापुढे फोन धरतात. मागच्या महिन्यात ती म्हणाली, "तुनी खोली दखाड." मी कॅमेरा फिरवला. भर दुपारी ओढलेले पडदे, सिंकमध्ये तीन दिवसांची भांडी, टेबलावर लॅपटॉप, कोपऱ्यात ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंच्या खोक्यांचा ढीग. शुक्रवारपासून मी घराबाहेर पडलो नव्हतो, आणि तो मंगळवार होता.

ती खूप वेळ बघत राहिली. बाबांचा हात दुखायला लागला असणार, कारण चित्र हलत होतं.

"एकलाच राहस का?"

"हो फुई."

"त्या खोका फेकू नको," ती म्हणाली. "घडी घाली ठेव."