चेंडूवरील सही

वाचकहो, मदर तेरेसांनी बेसबॉलच्या चेंडूवर सही करून दिली होती, असे कोणी तुम्हांस सांगितले तर तुम्ही हसाल. कोलकात्यात मरणोन्मुखांच्या उशाशी बसणारी ती माउली कोठे आणि अमेरिकेचा तो खेळ कोठे! परंतु असे चेंडू खरोखरच तयार करण्यात आले होते. १९९०च्या दशकात एफबीआय या अमेरिकन तपास यंत्रणेने 'ऑपरेशन बुलपेन' या नावाने बनावट सह्यांच्या धंद्याचा माग काढला. १९९९ साली छापे पडले आणि पुढे साठाहून अधिक जण दोषी ठरले. त्या टोळीने बेब रूथसारख्या दिवंगत खेळाडूंच्या सह्या तर केल्याच, पण मदर तेरेसांनाही सोडले नाही. अशा मालासोबत खरेपणाचे प्रमाणपत्र दिले जाई, हे वेगळे सांगावयास नकोच.

हसून झाल्यावर मात्र एक प्रश्न मागे राहतो. समजा, एखाद्या भोळ्या माणसाने असा चेंडू घेतला, काचेच्या पेटीत ठेवला आणि रोज सकाळी त्याकडे पाहून त्याला समाधान लाभले. ते समाधान खोटे म्हणावे काय? आणि खोटे असेल तर खोटेपणा नेमका कोठे आहे? शाईत, हातात, की आणखी कशात?

प्रथम हा छंद काय आहे ते पाहू. बेसबॉलचा चेंडू आपल्या क्रिकेटच्या चेंडूहून किंचित मोठा व थोडा हलका असतो. त्यावर पांढरे कातडे असते. १९७४ सालापर्यंत ते घोड्याचे असे, नंतर गाईचे आले. लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके ते कातडे जोडतात. दोन शिवणी जेथे एकमेकींच्या सर्वांत जवळ येतात, त्या चिंचोळ्या जागी केलेली एकट्या खेळाडूची सही संग्राहक सर्वाधिक मानतात. जुन्या पिढीतील चेंडू दुर्मिळ आहेत, त्याला कारण आहे. १९२०पूर्वी एकच चेंडू मळून काळा होईपर्यंत खेळात वापरला जाई आणि प्रेक्षकांत गेलेला चेंडू परत करावा लागे. १९२१ साली न्यूयॉर्कच्या मैदानावर रूबेन बर्मन नावाच्या प्रेक्षकाने हाती आलेला चेंडू मुकाट्याने परत देण्याचे नाकारले. त्याला मैदानाबाहेर काढण्यात आले. तो न्यायालयात गेला आणि त्याला १०० डॉलर भरपाई मिळाली. चेंडू घरी नेण्याची रीत पुढे रुळली ती अशा भांडणांतून.

या बाजाराचा हिशेब मोठा विचित्र आहे. कॉनी मॅक यांनी १९०१ ते १९५० अशी तब्बल पन्नास वर्षे फिलाडेल्फियाच्या संघाचे व्यवस्थापन केले. ते १९५६पर्यंत जगले आणि पुष्कळांना सह्या देत राहिले. म्हणून त्यांची सही त्या मानाने सुलभ. उलट क्रिस्टी मॅथ्यूसन हा थोर गोलंदाज १९२५ साली क्षयाने वारला. हा श्रद्धावान ख्रिस्ती गृहस्थ रविवारी खेळत नसे. त्याची सही असलेला चेंडू लाखात एक. ज्याला मरण लवकर आले त्याची सही महाग, ज्याने उदार हाताने दिली त्याची स्वस्त! बाजाराला माणसाचे मोल कळत नाही असे आपण म्हणतो. येथे तर तो उदारपणाचे मोल उणे धरतो.

खरे-खोटे ओळखण्याच्या युक्तीही मनोरंजक आहेत. चेंडूवर त्या त्या काळच्या लीग-अध्यक्षाचे नाव छापलेले असे. तेव्हा रूथ १९४८ साली वारल्यानंतर अध्यक्षपदी आलेल्या माणसाचे नाव त्याच्या सहीच्या चेंडूवर आढळले, की कट उघडा पडतो. बॉलपेन अमेरिकेच्या दुकानांत १९४५च्या अखेरीस आले. लू गेरिग १९४१ साली निवर्तला. त्याची बॉलपेनने केलेली सही म्हणजे अपराध्याने स्वतःच लिहून दिलेला कबुलीजबाबच. परंतु या साऱ्या परीक्षा हाताच्या आणि वस्तूच्या आहेत. त्या आपल्या प्रश्नापर्यंत पोहोचत नाहीत.

सहीचा मूळ अर्थ काय असावा, हे एका जुन्या चेंडूवरून समजते. १९२६ साली न्यू जर्सीतील जॉनी सिल्व्हेस्टर हा अकरा वर्षांचा मुलगा अंथरुणाला खिळला होता. त्या वेळी जागतिक मालिका चालू होती. दोन्ही संघांच्या खेळाडूंनी सह्या केलेले दोन चेंडू त्याच्याकडे पोहोचले. त्यांतील एकावर रूथने लिहिले होते, की बुधवारच्या सामन्यात तुझ्यासाठी एक होमरन मारीन. त्या बुधवारी त्याने तीन मारले. मुलगा बरा झाला आणि १९९०पर्यंत जगला. वर्तमानपत्रांनी या कथेला पुष्कळ पालवी फोडली, ती सोडून द्या. चेंडूवरील शाई एवढेच सांगत होती : एका माणसाने दुसऱ्या एका माणसाची आठवण ठेवली. पुढे तोही चेंडू लिलावात गेला, आणि तेथे आठवण कोणाची, हे विचारण्याचे कारण उरले नाही.

आता ज्या सहीने मला हा लेख लिहावयास लावले, तिच्याकडे वळतो. जो जॅक्सन दक्षिण कॅरोलायनातील ग्रीनव्हिलचा. लहानपणी शाळेऐवजी कापडगिरणीत गेला. फलंदाज असा, की त्याची कारकिर्दीची ३५६ची सरासरी आजही विस्मयाने सांगितली जाते. १९१९च्या मालिकेत पैसे घेऊन हार पत्करल्याचा आरोप त्याच्या संघातील आठ जणांवर आला. ज्यूरीने १९२१ साली खटला चाललेल्या खेळाडूंना निर्दोष ठरविले, तरी खेळाच्या आयुक्तांनी आठही जणांना कायमचे बाहेर काढले. १९५१ साली तो हृदयविकाराने वारला. बंदी उठली ती २०२५ साली, म्हणजे मृत्यूनंतर त्र्याहत्तर वर्षांनी.

या माणसाला लिहिता-वाचता येत नव्हते. स्वतःचे नाव तो लिहीत नसे, चित्र काढावे तसे रेखीत असे, आणि तेही नाइलाज झाला तरच. चाहत्यांची पत्रे व चेंडू येत, त्यांवर त्याची पत्नी केटी सही करी. आज केटीने केलेल्या सहीला बाजारात जोच्या सहीची प्रतिष्ठा नाही. उलट जोने स्वतः कष्टाने रेखलेली अक्षरे असलेले एक छायाचित्र २०२१ साली चौदा लाखांहून अधिक डॉलरला गेले. ज्या उणिवेची त्याला जन्मभर लाज वाटली, तिचीच ही किंमत आहे.

केटीची सही खोटी म्हणावी काय? मी या प्रश्नाशी बराच काळ अडखळलो. ती पतीच्या संमतीने, पतीच्या घरात बसून, पतीच्या चाहत्याला आनंद व्हावा म्हणून लिहीत होती. विवाहात दोघे एकदेह होतात असे आपण मानतो, तर तिचा हात परका कसा? मदर तेरेसांचे नाव गिरविणाऱ्या भामट्याच्या पंक्तीस तिला बसविणे मला मान्य नाही. तिच्या सहीमागे निदान एक खरी गोष्ट होती. चेंडू जो जॅक्सनच्या घरी आला होता आणि जोच्या इच्छेने परत गेला होता. भामट्याच्या चेंडूमागे काहीच घडलेले नव्हते. मदर तेरेसांनी तो कधी हातीही घेतला नव्हता. तो शाई विकत नव्हता, न झालेली भेट विकत होता.

तथापि केटीला पूर्ण निर्दोष म्हणावयासही मन धजत नाही, कारण पलीकडचा मुलगा समजत होता की हे अक्षर जोचे. आपल्याकडील जुने दस्तऐवज पाहा. निरक्षर कुळाच्या डाव्या अंगठ्याची निशाणी असे आणि तिच्याशेजारी ज्याने मजकूर लिहिला तो 'दस्तुर' म्हणून आपले नाव घाली. अशा कागदाला कोणी बनावट म्हटले नाही. दुसऱ्याचा हात लागला हे लपविलेलेच नव्हते. पौलही पत्रे लेखनिकाकडून लिहवून घेई. रोमकरांस पत्र ज्याने लिहून घेतले त्या तर्तियाने शेवटी स्वतःच्या नावाने सलाम घातला आहे, आणि थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्राच्या अखेरीस पौल आपल्या हातच्या सलामाकडे, हीच माझ्या पत्रांची खूण म्हणून, बोट दाखवितो. लेखनिकाचा हात आणि स्वतःचा हात दोन्ही उघड असले, की पत्राचे सत्य उणावत नाही.

केटीने चेंडूवर आपला दस्तुर घातला असता तर? सत्य राहिले असते, पण पतीची लाज गावभर झाली असती. तिने लाज झाकली. मी तिच्या जागी असतो तर काय केले असते, हे सांगावयास मला धीर होत नाही. वाचकहो, तुम्हीच आपल्या घरातील अंगठा उठविणारी आजी आठवा आणि ठरवा.

या कथेचे एक शेपूट राहिले. जोचे मृत्युपत्र ग्रीनव्हिलच्या सरकारी दप्तरात होते आणि त्यावर त्याची अस्सल सही होती. केटी १९५९ साली वारली, तेव्हा तिने आपली मालमत्ता हृदयरोग व कर्करोग यांवर कार्य करणाऱ्या दोन संस्थांना दिली. सह्यांचे भाव चढल्यावर त्या संस्थांनी तो कागद आपल्याला मिळावा अशी मागणी केली. हेतू चांगला होता, पैसा रुग्णांच्याच कामी आला असता. दक्षिण कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मृत्युपत्र ही सार्वजनिक नोंद आहे, ती दप्तरातच राहील. त्या कागदावर केटीने पतीसाठी हात चालविला नाही. तेथे जोने आपले नाव स्वतःच रेखले.