मासा हलाल, मासेमारीचे काय?

पावसाळा सरतो, दर्या निवळतो आणि दिवाळीच्या सुमारास पहाटेचा मतलई वारा सुटतो. रत्नागिरीजवळच्या राजिवडा, कर्ला, साखरतर येथील आपले दालदी भाईबंद छोट्या होड्या घेऊन किनाऱ्यालगत जाळी टाकतात. बांगडा, तारली, कोळंबी यांवर वर्षाची बेगमी करण्याचे हे दिवस.

समुद्राची शिकार आपल्याला हलाल आहे, असे सूरह माइदा सांगते. पण मासा हलाल म्हणून तो पकडण्याची प्रत्येक रीतही हलाल ठरते काय? हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

रापण घ्या. होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडायचे, किनाऱ्यावरून दोन्ही टोके ओढायची. दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा. याउलट रात्री पाण्यावर एलईडी दिव्यांचा झोत सोडला की लहानमोठा मासा उजेडाकडे धावतो आणि पर्ससीन जाळे सगळा थवाच उचलते. किनाऱ्याकडे येणारा मासा वाटेतच संपतो. केंद्र सरकारने २०१७ मध्ये अशा दिव्यांवर बंदी घातली. तरी चोरून दिवे लागतातच. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला. तरी अंडी घालण्याच्या वयाला न आलेले पापलेट बाजारात दिसते आणि स्वस्त मिळते म्हणून आपणच ते घरी आणतो.

यावर उत्तर तयार असते : मोठ्या बोटीवरचा खलाशीही गरीबच, मालकाच्या डोक्यावर कर्ज, आणि आपण सोडले तर परराज्यातले ट्रॉलर नेतील. यात खोटे काही नाही. पण दुसऱ्याने लुटले म्हणून आपल्याला लुटण्याचा परवाना मिळत नाही. ज्याच्या होडीला इंजिनही नाही, त्याचा हक्क आपल्या गरजेने बुडत नाही.

सूरह आराफमध्ये समुद्रकाठच्या एका वस्तीची हकिकत आहे. शनिवारी शिकारीला मनाई, आणि नेमके त्याच दिवशी मासे पाण्यावर येत. काहींनी हद्द ओलांडली. काहींनी त्यांना अडवले. आणखी काही अडवणाऱ्यांनाच म्हणाले, यांना उपदेश कशाला करता? अडवणारे वाचले, जुलूम करणारे पकडले गेले. तिसऱ्यांचे काय झाले, ते आयतींत स्पष्ट सांगितलेले नाही.

किनाऱ्यावर उभे राहून दूरचे दिवे नुसते पाहणारे आपण, त्या तिसऱ्यांतलेच तर नाही ना?