माझा गहिवर कोणाच्या खात्यावर?

एरियल पावडरची २०१६ सालची ती जाहिरात मी कितीतरी वेळा पाहिली असेल, आणि जवळजवळ दर वेळी डोळे भरून आले. लेकीकडे आलेला बाप नुसता बघत असतो. ऑफिसातून आलेली लेक फोन कानाला लावूनच स्वयंपाक करते, पोराचं आवरते, कपडे धुवायला टाकते, जावई टीव्हीसमोर. बाप पत्रातून तिची माफी मागतो. तू भातुकली खेळायचीस तेव्हा मी अडवलं नाही आणि तुझ्या आईला कधी हातभार लावला नाही, असा त्याचा सूर. मग घरी जाऊन आपले कपडे मशीनमध्ये टाकतो.

रडू खोटं नव्हतं. पण ते कोणासाठी, असं स्वतःला विचारलं आणि उत्तर अडचणीचं निघालं. मी रडत होतो बापासाठी. लेक बिचारी राबते, आणि शेवटी पत्र वाचून तिने गहिवरायचं. चुकणारा पुरुष, पस्तावणारा पुरुष आणि मोठा ठरणाराही पुरुषच!

जुन्या जाहिरातींत नवऱ्याच्या पांढऱ्याशुभ्र कॉलरवर धन्य होणारी गृहिणी दिसली की मी हसतो. त्या जाहिराती बाईला कमीपणा दाखवून माल खपवतात, हे मला कळतं. ही नवी मात्र मला चांगला माणूस म्हणते, आणि अशा स्तुतीपुढे माझी अक्कल चालत नाही.

शिवाय त्या बापाच्या वाट्याला काम येतं ते यंत्राचं. खिसे तपासणं, रंग जाणारं वेगळं भिजवणं, मोजे उलटे करणं, पावसाची सर आली की दांडीवरचं ओढून आत आणणं, यातलं काही तिथे नाही. आमच्या घरीही मशीनचं बटण माझ्याकडे आहे. बायकोला त्या जाहिरातीबद्दल विचारलं, तर तिने ती शेवटपर्यंत पाहिलेलीच नाही. मालिकेत जाहिराती लागल्या की ती कुकर बघायला उठते.

ती जाहिरात ज्या मोहिमेतली, ती एरियलची मोहीम २०१५ पासून चालू आहे. केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात २०१९ साली घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २९९ मिनिटं घालवत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पुरुषांची मिनिटंही घटलीच. दोष एका जाहिरातीला कसा देणार? पण माझ्यासारख्यांचा गहिवर या हिशेबात कुठे दिसत नाही.

माझी अशीच गत आणखी एका जाहिरातीबाबत झाली. २०२१ मध्ये डाबरने फेमची जाहिरात मागे घेतली तेव्हा मी चिडलो होतो. दोन तरुणी एकमेकींसाठी करवा चौथ करतात, एवढ्यावरून मध्य प्रदेशच्या गृहमंत्र्यांनी कारवाईचा इशारा दिला होता. तो राग मला आजही रास्त वाटतो. पण विकायला ठेवलं होतं ते चेहरा उजळवायचं ब्लीच, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. प्रेमाच्या बाजूने भांडताना गोरेपणाकडे बघायचं राहूनच गेलं. का राहिलं, तेही माहीत आहे. त्याच सुमारास भाचीचा लग्नासाठीचा बायोडाटा मी टाइप करून दिला होता आणि ‘वर्ण’पुढे कोणालाही न विचारता ‘निमगोरा’ लिहिलं होतं. पोरगी चांगली सावळी आहे. तो रकानाच गाळायला मला कोणत्या कंपनीने अडवलं नव्हतं.