मॅच झालं, म्हणजे नेमकं काय झालं?

गौतमाच्या न्यायसूत्रांत पहिल्याच सूत्रात सोळा पदार्थ मोजले आहेत आणि त्यांच्या तत्त्वज्ञानाने निःश्रेयस मिळतं, असंही तिथेच म्हटलं आहे. प्रमाण पहिलं, प्रमेय दुसरं, आणि लगेच तिसरा संशय. मोक्षाचं आश्वासन देणारं शास्त्र संशयाला इतक्या वर बसवतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. कारण आम्ही घरात उलटंच ऐकत वाढलो. संशय म्हणजे मनाचा रोग, संशयी माणसाचा नाश ठरलेला, आणि त्याला गीतेच्या चौथ्या अध्यायाचा आधार.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकवते. एम.टेक.चं तिसरं सेमिस्टर सुरू झालं, की डिझर्टेशनचे विषय घेऊन मुलं येऊ लागतात आणि हा जुना प्रश्न माझ्या टेबलावर येतो: शंका ही श्रद्धेतली उणीव आहे, की जाणण्याची पहिली अट?

मुलांकडे विषयाचं शीर्षक असतं, सॉफ्टवेअर ठरलेलं असतं, पंधरा-वीस पेपर डाउनलोड केलेले असतात. ‘तुला नक्की काय कळत नाहीये?’ असं विचारलं, की चेहरा पडतो. त्यांना वाटतं, मी त्यांची चूक शोधते आहे. न कळणं कबूल करायला आपण त्यांना सोळा वर्षांच्या शिक्षणात कधी शिकवलेलंच नसतं. वात्स्यायनाने न्यायभाष्यात ही गोष्ट स्वच्छ मांडली आहे. जे मुळीच ठाऊक नाही त्याच्याविषयी न्यायाची प्रक्रिया सुरू होत नाही, जे ठरून गेलं त्याच्याविषयीही होत नाही. ती सुरू होते संशयित गोष्टीविषयी. सिनॉप्सिस लिहायला बसणाऱ्या प्रत्येकाने आधी एवढंच तपासावं. माझा विषय या तिन्हींपैकी कुठे बसतो?

आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा येणारा विषय म्हणजे कोयना धरण. कारणही सबळ आहे. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसं गेली. 103 मीटर उंचीचं धरण उभं राहिलं, पण त्याच्या उंच भागांत आडव्या भेगा पडल्या. प्रवाहाच्या खालच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, त्याच पातळीच्या आसपास. धरणाच्या गॅलरीतल्या उपकरणाने जमिनीचा हादरा नोंदवला होता. खरं धरण, खरा हादरा, खऱ्या भेगा, आणि तिन्हींची नोंद हाताशी, असा योग दुर्मिळ. म्हणून जगभर काँक्रीट धरणांच्या भेगांची नवी गणितं बऱ्याचदा कोयनेवर तपासतात. अबॅकस या सॉफ्टवेअरच्या उदाहरणांतही कोयना आहेच.

गेल्या वर्षी पाटण तालुक्यातली एक विद्यार्थिनी हाच विषय घेऊन आली. पहिल्या फेजच्या प्रेझेंटेशनआधीच तिने मॉडेल चालवून पाहिलं होतं. रंगीत कंटूर पुढे ठेवून म्हणाली, “मॅडम, मॅच झालं.” भेग उताराच्या बदलापाशीच आली होती. तिचा आनंद खरा होता. कष्टही खरे होते. पण ‘मॅच झालं’ यातून काय सिद्ध झालं, हा या लेखाचा खरा विषय आहे.

संशय कसा जन्मतो हे समजावताना नैयायिक संधिप्रकाशातला खांब दाखवतात. लांबून काहीतरी उभं दिसतं. उंची आहे, रुंदी आहे. हे गुण खांबातही असतात आणि माणसातही. दोन्हींत समान असलेलं दिसलं आणि वेगळं करणारं दिसलं नाही, म्हणजे संशय. आता कोयनेची भेग पाहा. ताणशक्ती थोडी कमी धरा, फ्रॅक्चर एनर्जी बदला, डॅम्पिंग बदला, भेगेचं वेगळंच सूत्र घ्या. बहुतेक मॉडेलांत भेग त्याच जागी येते, कारण धरणाचा आकारच ताण तिथे गोळा करतो. म्हणजे ती जुळणी खांबाच्या उंचीसारखी आहे. ती बरोबर मॉडेलातही असते, चुकीच्या मॉडेलातही असू शकते. दोन्हीकडे सापडणाऱ्या हेतूला, म्हणजे अनुमानाच्या कारणाला, न्यायशास्त्र सव्यभिचार म्हणतं आणि हेत्वाभासांत, म्हणजे फसव्या कारणांत, टाकतं. जिथे आपण निर्णय झाला म्हणून पेढे वाटतो, तिथे खरं तर संशयाला सुरुवात व्हायला हवी.

मग संगणकाच्या उत्तराचं स्थान काय? प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द ही चार प्रमाणं. तर्क त्यांत नाही. ‘अग्नी नसता तर धूरही नसता’ अशी कल्पना करून पाहणं म्हणजे तर्क. तो प्रमाणाला मदत करतो, स्वतः प्रमाण होत नाही. फायनाइट एलिमेंट मॉडेलचं स्थान मला नेमकं तेच वाटतं. काँक्रीट असं असतं, तर भेग अशी पडली असती. या ‘असतं तर’चं मोल मोठं आहे, पण पडद्यावरचा लाल पट्टा म्हणजे भेग पाहणं नव्हे. मेश, म्हणजे मॉडेलची जाळी, बारीक केल्यावर तो पट्टा सरकत असेल, तर तो हेतूच भटका आहे, हे कुणी बाहेरून सांगायची वाट पाहू नये.

शब्दप्रमाणाचं, म्हणजे जाणकारांच्या सांगण्याचंही तेच: ते नुसतं समोर ठेवून भागत नाही. लिटरेचर रिव्ह्यूत ‘अमक्याने हे केलं, तमक्याने ते केलं’ अशी रांग लागते. आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष मांडताना विरोधकाचं म्हणणं त्याच्याहून नीट मांडायची परंपरा होती. आज आपण तपासतो ते फक्त शब्दांचं साम्य. यूजीसीच्या 2018च्या वाङ्मयचौर्याविषयीच्या नियमांनुसार ते दहा टक्क्यांच्या आत असलं, की दंड नाही. नियम हवाच. पण वाक्यं स्वतःची असून शंका उसनी असेल, तर कुठल्याही अहवालात ते उमटत नाही, आणि प्रबंधाचा जीव मात्र तिथेच जातो.

गीतेकडे परत गेले, तेव्हा लक्षात आलं की आम्हाला तो श्लोक अर्धाच सांगितला गेला होता. तिथे संशयात्म्याच्या जोडीला अज्ञ आणि अश्रद्ध आहेत. ज्याला जाणायचंही नाही आणि विश्वासही ठेवायचा नाही, असा माणूस. त्याच अध्यायात थोडं आधी गुरूला प्रश्न विचारून ज्ञान मिळव असं सांगितलं आहे, आणि शेवटी संशय छेदायचा तो ज्ञानाने. दटावून गप्प बसवायचा नव्हे. माझ्या मते ज्याला सत्य सापडेल असा भरवसा आहे, तोच शंका शेवटपर्यंत नेतो. इतर लोक मॅच झालं की थांबतात. म्हणून प्रामाणिक शंका मला श्रद्धेचंच काम वाटते.

न्यायसूत्रांत वाद, म्हणजे सत्य शोधण्यासाठीची चर्चा, कुणाशी करावा हेही येतं: शिष्य, गुरू, सहाध्यायी, असूया नसलेली माणसं. गाईडने आणि विद्यार्थ्याने दर आठवड्याला बसायचं ते यासाठी. आम्ही बसलो. मी त्या विद्यार्थिनीला एक पान लिहायला सांगितलं: कोणता निकाल आला, तर तू तुझं मॉडेल टाकून देशील? दोन आठवडे पान कोरं होतं. मग ती स्वतःच म्हणाली, की वरची भेग सगळ्यांची सारखी येते. पण धरणाच्या पायथ्याशी, पाण्याकडच्या टाचेला, तिने करून पाहिलेली दोन मॉडेलं वेगळं बोलतात. एकात भेग खोल जाते, दुसऱ्यात लवकर थांबते.

तिने सिनॉप्सिसचं शीर्षक बदललं, प्रयोजन नव्याने लिहिलं, मेशच्या तीन आकारांचा तक्ता आधी करायचा असं वेळापत्रकात पहिल्या ओळीला टाकलं. समितीत एका सदस्यांनी विचारलं, “टाचेची भेग कुणी पाहिलीय का?” ती म्हणाली, “नाही सर, म्हणूनच दोन्ही मॉडेलं ठेवलीत. त्यांच्यातला फरक गळतीच्या मोजमापात कुठे दिसायला हवा, ते मला काढायचंय.” समितीने विषय मंजूर केला.