हात भाजला, म्हणून खोटा?

व्हॅम्पायरच्या गोष्टींत एक गुप्त पंथ असतो. आपसातला वाद मिटवायचा त्यांचा विधी ठरलेला असतो आणि निकालाला प्रश्न विचारायची सोय नसते. पडद्यावर हे थरारक वाटतं. पण मराठेशाहीत आपल्याकडेही ‘दिव्य’ होतंच. साक्षीपुराव्याने वाद सुटला नाही, की रवादिव्य. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. मग हाताला पिशवी बांधून मोहर करायची आणि काही दिवसांनी उघडून पाहायचं. हात भाजला असेल तर माणूस खोटा.

याला नुसतं हसून चालणार नाही. दिव्य चारचौघांसमोर होई आणि वाद संपे. ज्यांना उद्याही एकाच गावात राहायचंय, त्यांना वादाचा शेवट हवाच असतो. पण वाद संपला म्हणजे न्याय झाला असं नाही. तेलाला कोण खरं, कोण खोटं, हे कळत नाही. जातपंचायतीच्या बहिष्कारानेही माणूस गप्प होतो, पटलेलं नसतं. म्हणून तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला.

मी वरोऱ्याचा. आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात मेंढा (लेखा) गाव आहे. तिथली ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने ठरवते. वेळ लागतो. पण न पटलेल्या माणसासाठी गाव थांबतं.

विधी कुठलाही असो, मी एवढंच बघतो: हरलेल्याला ‘का?’ विचारता येतं का?